एकाच वयाची वस्ती : मुंबईची उपनगरे, वार्धक्य आणि आधाराचे जाळे

उतारवयात माणसाला कोणाचा आधार आहे, हा प्रश्न मराठी घरांत बहुधा मुलांपुरताच विचारला जातो. मुलगा सांभाळतो का, सून कशी आहे, लेक जवळ राहते की परदेशी, एवढी चौकशी झाली की उत्तर मिळाले असे मानले जाते, आणि वृद्धांविषयीचे कायदे, अग्रलेख व नाटकांतील संघर्षही बव्हंशी याच चौकशीभोवती फिरत राहतात. प्रत्यक्षात अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथे सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा दिवस ज्यांच्या भरवशावर पार पडतो, त्यांत मुलांखेरीज कितीतरी माणसे असतात : समोरच्या दाराचे बिऱ्हाड, सोसायटीचा वॉचमन, वर्षानुवर्षे घरी येणारी कामवाली, नाक्यावरचा औषधवाला, बागेतल्या कट्ट्यावरची मंडळी, वाचनालयात पुस्तक बदलून देणारा कर्मचारी. ही गुंफण कशी तयार झाली, कशामुळे विरते आहे आणि ती टिकवणे कोणाचे काम आहे, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

मुख्य प्रतिपादन थोडक्यात असे, की मुंबईच्या उपनगरांतील मध्यमवर्गीय वस्ती साधारणपणे एकाच काळात, एकाच वयोगटातील कुटुंबांनी वसवली, त्यामुळे तेथील शेजाराचे जाळे जसे एकदम तरुण होते तसेच ते आता एकदम म्हातारे झाले आहे, आणि ज्या घटकेला या जाळ्याची सर्वाधिक गरज भासते नेमक्या त्याच घटकेला ते सर्वाधिक क्षीण झालेले असते. या अडचणीचे मूळ मुलांच्या कृतघ्नतेत शोधणे सोपे असले, तरी ते पुष्कळ अंशी वस्तीच्या घडणीत आहे, आणि म्हणून तिच्यावरचा उपायही वस्तीच्या पातळीवरच शोधावा लागेल.

संज्ञा आणि संशोधन

समाजशास्त्रात माणसाचे ज्या ज्या व्यक्तींशी येणे-जाणे, देणे-घेणे आणि बोलणे असते त्या सर्वांच्या परस्परसंबंधांना सामाजिक जाळे म्हणतात, तर या जाळ्यातून प्रत्यक्ष जे मिळते त्याला सामाजिक आधार म्हणतात. जाळे मोठे असूनही आधार तुटपुंजा असू शकतो, आणि मोजक्या दोन-तीन माणसांकडून भक्कम आधार मिळू शकतो, म्हणून या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक ठरते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जेम्स हाऊस यांनी १९८१ मध्ये आधाराचे चार प्रकार सांगितले : दुःख ऐकून घेणारा भावनिक आधार, पैसा, श्रम वा वेळ देणारा साधनरूप आधार, कोणता डॉक्टर चांगला किंवा कोणता अर्ज कुठे द्यायचा हे सांगणारा माहितीचा आधार, आणि माणसाला स्वतःच्या वागण्याचा अंदाज यावा म्हणून मिळणारी दाद किंवा कानउघाडणी. परदेशी असलेला मुलगा दररोज व्हिडिओ कॉल करून पहिला आधार उत्तम देऊ शकतो आणि पैसे पाठवून दुसऱ्याचाही काही भाग उचलू शकतो, परंतु नळाचा वॉशर बदलायला माणूस आणणे किंवा बँकेत सोबत जाणे त्याला शक्य नसते. कोणा एकाच नात्यावर हे चारही भार टाकले, की ते नाते मोडकळीला येते.

रॉबर्ट कान आणि टोनी अँटोनुची यांनी १९८० मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार प्रत्येक माणूस आयुष्यभर सहप्रवाशांच्या एका तांड्यासह चालत असतो. आतल्या वर्तुळात ज्यांच्यावाचून जगणे कल्पवत नाही अशी माणसे, मधल्यात स्नेही व आप्त, तर बाहेरच्यात कामानिमित्त जोडलेली माणसे असतात, आणि वय वाढते तसे काही जण तांड्यातून गळतात, काही आत सरकतात व काही नव्याने येऊन मिळतात. लॉरा कार्स्टेन्सन यांच्या संशोधनाने याला एक महत्त्वाची पुस्ती जोडली, ती अशी, की पुढचे आयुष्य थोडे आहे याची जाणीव झालेला माणूस वरवरचे संबंध स्वतःहून कमी करतो आणि जिव्हाळ्याच्या मोजक्या संबंधांत अधिक रमतो. त्यामुळे म्हातारपणी ओळखीपाळखी कमी होणे हे सरसकट दुःखाचे लक्षण मानता येत नाही, आणि एकटे राहणे व एकाकी वाटणे यांतही फरक करावा लागतो. स्वखुशीने केलेली निवड आणि परिस्थितीने लादलेली गळती यांतले अंतर मात्र फार मोठे आहे.

या संबंधांचा परिणाम केवळ मनावर होतो असेही नाही. कॅलिफोर्नियातील अलामेडा परगण्यातील सुमारे सात हजार प्रौढांची नऊ वर्षे नोंद ठेवून लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले, की ज्यांचे सामाजिक संबंध सर्वांत कमी होते त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण भरपूर संबंध असलेल्यांच्या दुपटीहून अधिक होते. पुढे २०१० मध्ये ज्युलियान होल्ट-लनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा सशक्त संबंध असलेल्यांची जिवंत राहण्याची शक्यता पन्नास टक्क्यांनी अधिक आढळली. रक्तदाब आणि साखर यांच्या जोडीने शेजाराचीही विचारपूस डॉक्टरांनी करावी, इतके हे निष्कर्ष बोलके आहेत.

गिरणगावातून उपनगराकडे

पूर्वी एकत्र कुटुंब होते आणि म्हणून वृद्धांची आबाळ होत नसे, हे विधान मुंबईच्या बाबतीत तपासून घ्यावे लागते. गिरणगावात आलेला कोकणातला किंवा घाटावरचा कामगार बहुधा बायकामुलांना गावी ठेवून येत असे, गावकीच्या खोलीत पथारी टाकत असे, खानावळीत जेवत असे आणि काम सुटले की गावी परतत असे. म्हणजे मुंबईने त्याची कमावती वर्षे वापरली आणि म्हातारपण गावाने सांभाळले. ज्यांनी गिरगाव, परळ, लालबाग येथील चाळींत संसार थाटले त्यांच्याही बाबतीत दाटीच्या खोलीइतकाच आधार सामाईक गॅलरीचा होता, कारण तेथे कोणाचे दार उघडले नाही हे सकाळी आठच्या आत मजल्यावर कळत असे.

उपनगरांतील वस्तीची घडण समजण्यासाठी दोन कायदे लक्षात घ्यावे लागतात : महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा आणि मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा अधिनियम १९६३ चा. या दोन कायद्यांनी सदनिका विकत घेऊन सोसायटी स्थापन करण्याचा मार्ग मोकळा केला, आणि पुढील तीन दशकांत बँका, विमा कंपन्या, रेल्वे, शाळा व सरकारी कचेऱ्या यांतील नोकरदारांनी कर्जे काढून बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, अंधेरी येथे घरे घेतली. घाटकोपरच्या पंतनगरसारख्या गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती आधीपासून होत्याच. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मध्य मुंबईतून बाहेर पडणाऱ्यांचा ओघ वाढला, तर १९८५ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने चारकोप व गोराई येथे आखलेले लहान भूखंड देण्याची योजना राबवली गेली, ज्यात मोकळ्या अंगणाभोवती तीस-पस्तीस घरांचा एकेक गट वसवण्यात आला. मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा १९९० मध्ये झाला आणि २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९३ लाखांच्या पुढे गेली होती. गावी परतण्याची वाट ज्यांनी स्वतःच बंद केली आणि म्हातारपणही मुंबईतच काढायचे ठरवले, अशा माणसांची पहिली मोठी पिढी या उपनगरांत घडली.

ही पिढी घर घेताना साधारण तिशी-पस्तिशीत होती. सोळा किंवा वीस बिऱ्हाडांच्या सोसायटीत सगळ्यांचे हप्ते एकाच सुमारास सुरू झाले, मुले एकाच शाळेत गेली, बारशी, मुंजी व दहावीचे निकाल पाठोपाठ झाले, आणि या समानतेतूनच शेजार घट्ट झाला. कोजागिरी, सार्वजनिक गणपती, सत्यनारायण, भिशी, टँकरच्या पाण्यावरून झालेली भांडणे व त्यांतून जमलेली गट्टी, या सर्वांनी सोसायटीला चाळीचा वारसा मिळवून दिला. पुढे मुले शिकली आणि पुण्याला, बंगळूरला, ठाण्यापलीकडच्या स्वस्त घरांत किंवा अमेरिकेत गेली, तीही साधारण एकाच दशकात. मागे राहिलेली इमारत आता सत्तरी-पंचाहत्तरीतल्या जोडप्यांची आणि विधवा-विधुरांची आहे. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या सुमारे सहा टक्के व्यक्ती एकट्या, आणि साधारण वीस टक्के व्यक्ती मुलांविना जोडीदाराबरोबर राहत असल्याचे आढळले. हे आकडे देशाच्या सरासरीचे आहेत, आणि एखाद्या जुन्या सोसायटीच्या जिन्यापाशी उभे राहून नावांच्या पाट्या वाचल्या तर ही सरासरी तेथे केव्हाच मागे पडल्याचे लक्षात येते.

एका पहाटेची गरज

आधाराचे जाळे प्रत्यक्षात कशाला म्हणायचे, हे एका नेहमीच्या प्रसंगाचे टप्पे पाडून पाहिले तर स्पष्ट होते. पहाटे साडेपाचला अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ बाथरूममध्ये घसरून पडतात आणि खुब्याचे हाड मोडते. त्यांच्या पत्नीला त्यांना उचलता येत नाही, म्हणून पहिली गरज अशा दाराची असते, की ज्याची बेल त्या वेळी संकोच न करता वाजवता येईल. गृहस्थ एकटे राहत असतील आणि दाराला आतून कडी असेल, तर लॅचची दुसरी चावी शेजारी ठेवूनही उपयोग होत नाही. दुसरी गरज १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिकेला नीट पत्ता सांगण्याची आणि फाटकाशी उभे राहून तिला आत आणण्याची, जी वॉचमन भागवतो. तिसरी गरज सर्वांत जड असते, कारण १९७० आणि १९८० च्या दशकांतील तळमजला अधिक चार मजल्यांच्या पुष्कळ इमारतींना लिफ्ट नाही आणि जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळत नाही, त्यामुळे रुग्णाला खुर्चीवर बसवून चार जणांना खाली उतरवावे लागते.

१९९० साली त्या जिन्यावर चाळिशीतले आठ पुरुष हाकेच्या अंतरावर होते. आज तेच आठ पुरुष, हयात असले तर, पंचाहत्तरीचे आहेत. एकाचा गुडघा बदललेला आहे, दुसऱ्याला पेसमेकर आहे, आणि हाक मारताच सगळे दारात येतात, पण खुर्ची उचलू शकेल असा त्यांत एकही नसतो. माया तीच आहे, वर्षानुवर्षांची ओळख तीच आहे, बळ मात्र उरलेले नाही. पुढच्या टप्प्यांवर मेडिक्लेमचे कार्ड व औषधांची यादी असलेली फाइल कपाटात कुठे आहे हे माहीत असणारी व्यक्ती, रुग्णालयात अनामत रक्कम भरणारी व्यक्ती, शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करणारा नातलग, रात्री खाटेशेजारी बसणारा कोणी, आणि घरी राहिलेल्या पत्नीला दोन घास खायला लावणारी शेजारीण, अशी निरनिराळी माणसे लागतात. परदेशातील मुलगा अठ्ठेचाळीस तासांत पोहोचतो आणि मनापासून सारे करतो, परंतु पहिले आठ तास या जाळ्याचेच असतात.

पुरुषांचे जाळे आणि स्त्रियांचे जाळे

जाळ्याची वीण स्त्री आणि पुरुष यांच्यात सारखी नसते. उपनगरातील नोकरदार पुरुषाची मैत्री पुष्कळदा कचेरीत आणि लोकलच्या ठरलेल्या डब्यात झालेली असते. सात बावन्नची गाडी, ठरलेला दरवाजा, पत्ते किंवा भजन, दसऱ्याला डब्याची पूजा, या सगळ्यात तीस वर्षे गेलेली असतात, आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून हा संपूर्ण स्नेह एका फटक्यात सुटतो, कारण तो माणसांइतकाच वेळापत्रकावरही बेतलेला असतो. स्त्रियांची मैत्री तुलनेने घराजवळची असते : महिला मंडळ, भजनी मंडळ, भिशी, भाजीवाल्याभोवतीची घोळकेबाज चौकशी. नातेवाइकांचे वाढदिवस लक्षात ठेवणे, लग्नाला काय द्यायचे ते ठरवणे, रुसलेल्याला फोन करणे, हे सर्व पत्नीने केलेले असल्यामुळे तिच्या मृत्यूनंतर विधुराला केवळ जोडीदार नव्हे, तर संपूर्ण गोतावळाच दुरावतो.

विधवांची अडचण वेगळ्या दिशेने येते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील साठीपुढच्या स्त्रियांपैकी निम्म्याच्या आसपास विधवा होत्या, आणि ज्या हळदीकुंकवाने चाळीस वर्षे शेजारणींना एकमेकींच्या घरात नेले तेच दार पतिनिधनानंतर त्यांच्यापुरते बंद होते. म्हणजे आतल्या वर्तुळातील सर्वांत जवळचा माणूस गेल्यावर बाहेरच्या वर्तुळाने पुढे यायचे, त्याऐवजी तेही मागे सरते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. उपनगरांतील काही महिला मंडळे तिळगूळ समारंभाला सर्व स्त्रियांना सरसकट बोलावतात, तेव्हा तीही आपल्या परीने हेच करत असतात. याच प्रवाहात पुण्यात माधव दामले यांनी २०१२ च्या सुमारास ज्येष्ठांच्या सहजीवनासाठी सुरू केलेल्या कामाचाही विचार करायला हवा, कारण सत्तरीतही आतले वर्तुळ नव्याने भरता येते हे त्यातून समाजापुढे आले.

पुनर्विकास : घर मोठे, शेजार लहान

उपनगरांतील वृद्धांच्या संबंधांवर आज सर्वाधिक परिणाम करणारी घटना पुनर्विकास ही आहे. सहकारी संस्था अधिनियमातील कलम ७९-अ अन्वये ४ जुलै २०१९ रोजी दिलेल्या निर्देशांनंतर सोसायटीच्या पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी ठरली. जुन्या इमारतींची गळकी छते, उखडलेले प्लास्टर आणि लिफ्टचा अभाव पाहता पुनर्विकासाला विरोध करणे शहाणपणाचे नाही, आणि ज्या वृद्धाला चौथ्या मजल्यावरून महिनोन्‌महिने खाली उतरता येत नाही त्याच्या दृष्टीने लिफ्ट हीच समाजात परतण्याची वाट असते.

तथापि करारनाम्यात चटईक्षेत्र, कॉर्पस, भाडे आणि पार्किंग यांवर जितका खल होतो, त्याच्या शतांशही विचार शेजाराचा होत नाही. इमारत रिकामी झाल्यावर वीस बिऱ्हाडे भाड्याच्या वीस घरांत विखुरतात. ज्याला जवळ घर मिळते तो जवळ राहतो, ज्याला भाडे वाचवायचे असते तो दहिसरपलीकडे किंवा ठाण्याला जातो, आणि तीन वर्षांची पाच वर्षे होण्याचे प्रसंग विरळ नाहीत. चाळिशीतल्या कुटुंबाला पाच वर्षे ही गैरसोय असते, तर ऐंशीतल्या माणसाच्या उरलेल्या आयुष्याचा तो मोठा वाटा असतो. या अवधीत कट्टा सुटतो, ओळखीचा डॉक्टर सुटतो, उधारीवर औषध देणारा दुकानदार सुटतो आणि नव्या जागी ‘भाडेकरू’ या नावापलीकडे ओळख मिळत नाही. परतल्यावर बावीस मजली मनोऱ्यात जुने वीस सभासद निरनिराळ्या मजल्यांवर पांगतात, नव्या खरेदीदारांशी तोंडओळखही नसते, आणि ज्या जिन्यावर येता-जाता बोलणे होत असे त्याचे काम बंद दारांची लिफ्ट करू लागते.

दुर्बळ धाग्यांचे बळ

मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये असे दाखवून दिले होते, की नोकरीसारख्या बाबतींत जिवलगांपेक्षा वरवरच्या ओळखीच अनेकदा अधिक उपयोगी पडतात, कारण त्या माणसाला त्याच्या नेहमीच्या वर्तुळाबाहेर पोहोचवतात. वार्धक्यात या दुर्बळ धाग्यांचे आणखी एक मोल असते. वर्तमानपत्र टाकणारा, दूधवाला, इस्त्रीवाला, कचरा गोळा करणारी बाई यांच्यापैकी कोणीही आधार देण्याच्या हेतूने येत नाही, पण दारात दोन दिवसांची वर्तमानपत्रे पडलेली पहिल्यांदा दिसतात ती त्यांनाच.

शिकागो शहरात जुलै १९९५ मध्ये आलेल्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा ७३९ अधिक मृत्यू झाले, त्यांत एकटे राहणारे वृद्ध मोठ्या संख्येने होते. एरिक क्लिनेनबर्ग यांनी या घटनेचा अभ्यास करताना एकमेकींना लागून असलेल्या, गरिबी आणि एकट्या वृद्धांचे प्रमाण यांत साम्य असलेल्या दोन वस्त्यांची तुलना केली, तेव्हा एकीतील मृत्युदर दुसरीच्या सुमारे दहापट आढळला. कमी मृत्यू झालेल्या वस्तीत दुकाने उघडी होती, रस्त्यावर वर्दळ होती आणि म्हातारी माणसे बाहेर पडत होती. जास्त मृत्यू झालेल्या वस्तीत दुकाने उठली होती व रस्ते ओस होते. अंधेरी पश्चिमेत ऑगस्ट २०१७ मध्ये एका सुखवस्तू वृद्धेचा मृत्यू कित्येक महिन्यांनी, परदेशातून मुलगा आल्यावर उघडकीस आला, तेव्हा सर्व रोष मुलावर काढण्यात आला. घराला कुलूप नाही, मृत्यूची वार्ता नाही आणि तरीही इतके दिवस कोणाच्या काही लक्षात येऊ नये, अशी रचना ज्या संकुलांनी सुरक्षितता म्हणून विकत घेतली त्यांची चर्चा फारशी झाली नाही.

सोयींचाही येथे विचार करावा लागतो. पूर्वी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी निवृत्तिवेतनधारक बँकेत जात, रांगेत जुने सहकारी भेटत आणि कोण गेले, कोण आजारी आहे याची खबर मिळत असे. २०१४ पासून हा दाखला अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या देता येऊ लागला, जे अंथरुणाला खिळलेल्यांसाठी वरदान आहे. किराणा, औषधे व वीजबिल यांचेही तसेच झाले. प्रत्येक सोय स्वतंत्रपणे पाहिली तर योग्यच आहे, पण सगळ्या मिळून बाहेर पडण्याची निमित्ते संपवतात, आणि ज्याला निमित्त नाही तो उतारवयात बाहेर पडत नाही.

उपलब्ध व्यवस्था आणि तिच्या मर्यादा

महाराष्ट्रात या प्रश्नाचे भान नव्हते असे मुळीच नाही. ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ असलेली फेस्कॉम ही संस्था १९८० पासून कार्यरत आहे आणि उपनगरांत जवळपास प्रत्येक विभागात एखादा संघ आहे, जेथे वाढदिवस, आरोग्य तपासणी, सहली व व्याख्याने होतात. डॉ. शैलू श्रीनिवासन यांनी १९९५ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या डिग्निटी फाउंडेशनने सोबत देणारे स्वयंसेवक आणि हेल्पलाइन ही कल्पना रुजवली. त्याच वर्षी १३ मार्चला डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवाला भागातील बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला, आणि पुढे जगभर पसरलेल्या या उपक्रमाचे खरे यश हसण्याच्या व्यायामाइतकेच रोज सकाळी ठरलेल्या वेळी कोणी आपली वाट पाहत असण्यात आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८७५ मध्ये सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेपासून चालत आलेली व्याख्यानमालांची परंपराही आज उपनगरांत मुख्यतः ज्येष्ठांनीच जिवंत ठेवली आहे.

शासनाच्या बाजूने २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा आहे, ज्यानुसार न्यायाधिकरण मुलांना दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देण्याचा आदेश देऊ शकते, आणि सांभाळण्याच्या अटीवर बक्षीस दिलेली मालमत्ता अट मोडल्यास कलम २३ अन्वये परत मिळू शकते. मुंबई पोलिसांची १०९० आणि देशपातळीवरची १४५६७ या मदतवाहिन्या आहेत, आणि एकट्या ज्येष्ठांची पोलीस ठाण्यात नोंद करण्याची सोयही आहे. हे सर्व आवश्यक आहे, परंतु कायदा भाकरी मिळवून देऊ शकतो, संवाद नव्हे, आणि मदतवाहिनी ज्याला फोनपर्यंत पोहोचता येते त्यालाच उपयोगी पडते. ज्येष्ठ नागरिक संघांच्या बाबतीत तर इमारतीचीच अडचण पुन्हा समोर येते : संघही एकाच वयाचा असतो, कार्यकारिणीला वारस मिळत नाही, आणि मासिक सभेतील श्रद्धांजलीचा विषय दरवर्षी लांबत जातो.

दोन परदेशी वसाहती

एकाच वयाच्या वस्तीचा अनुभव मुंबईपूर्वी इतरांनी घेतला आहे. टोकियोजवळील मात्सुदो येथील तोकिवादायरा ही वसाहत १९६० मध्ये तरुण नोकरदार कुटुंबांनी भरली आणि चाळीस वर्षांनी ती एकदमच वृद्ध झाली. २००१ मध्ये तेथे एका रहिवाशाचा मृत्यू तीन वर्षांनी उघडकीस आला, कारण घरभाडे बँक खात्यातून आपोआप जात राहिले होते. सोसायटीचे मासिक शुल्क वेळेवर जमा होते म्हणून सभासद सुखरूप आहे असे समजणाऱ्या प्रत्येक खजिनदाराने लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे. तेथील रहिवासी संघाने सरकारची वाट न पाहता एकाकी मृत्यू टाळण्याची मोहीम हाती घेतली आणि २००४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र केंद्र उघडले.

न्यूयॉर्कमधील पेन साऊथ ही वसाहत उपनगरांतील रहिवाशांना अधिक जवळची वाटेल, कारण ती कापड शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेच्या पुढाकाराने १९६२ मध्ये उभी राहिलेली सहकारी गृहनिर्माण संस्था आहे. १९८० च्या दशकात तेथील रहिवासी मोठ्या संख्येने वृद्ध झाल्यावर संस्थेने त्यांना वृद्धाश्रमात पाठवण्याऐवजी १९८६ मध्ये वसाहतीतच समाजसेवक, परिचारिका व सामूहिक उपक्रम आणले. वृद्धांसाठी मुद्दाम न बांधलेली, पण कालांतराने वृद्धांचीच होऊन बसलेली वस्ती, अशा अर्थाची एक संज्ञा तेव्हापासून रूढ झाली, आणि पुढे न्यूयॉर्क राज्याने अशा वसाहतींना अर्थसाहाय्यही दिले. बोरिवली किंवा मुलुंडची एखादी सोसायटी एकटीने परिचारिका ठेवू शकणार नाही, परंतु एका गल्लीतील दहा सोसायट्या मिळून नक्कीच ठेवू शकतील.

काय करता येईल

यावरून निघणारे पहिले सूत्र असे, की वस्तीत वयांची सरमिसळ जाणीवपूर्वक करावी लागेल. अविवाहित भाडेकरूंना मज्जाव करणाऱ्या सोसायट्या नकळत त्याच तरुण हातांना बाहेर ठेवत असतात, जे पहाटे साडेपाचला खुर्ची उचलू शकले असते. भाडेकरूला सणासमारंभात बोलावणे, त्याचा फोन क्रमांक मजल्यावरच्या ज्येष्ठांकडे असणे, हा उपकार नसून सोसायटीच्या हिताचा भाग आहे. ज्येष्ठ नागरिक संघांनीही आपले कार्यक्रम केवळ ज्येष्ठांपुरते न ठेवता अभ्यासिका, वाचनालय आणि बालवर्ग यांच्याशी जोडावेत.

दुसरे सूत्र परस्परतेचे आहे. केवळ घेणारा माणूस लवकरच स्वतःला ओझे समजू लागतो आणि मदत मागणे सोडून देतो, तर जो काही देतो त्याला मागताना संकोच वाटत नाही. नोकरी करणाऱ्या जोडप्याचे कुरिअर घेणे, त्यांच्या घराची चावी सांभाळणे, शाळेतून आलेल्या मुलाला तासभर बसवून घेणे, सोसायटीचे हिशेब तपासणे, ही कामे ज्येष्ठ आजही करतात, पण त्यांची नोंद कोणी घेत नाही. ही देवाणघेवाण उघडपणे मान्य झाली, तर मोडलेल्या खुब्याच्या दिवशी येणारा तरुण शेजारी उपकारकर्ता न राहता परतफेड करणारा ठरतो.

तिसरे सूत्र पुनर्विकासाच्या करारात शेजाराला जागा देण्याचे आहे. भाड्याची घरे शक्यतो त्याच विभागात मिळावीत, परतताना इच्छुक जुन्या शेजाऱ्यांना एकाच मजल्यावर सदनिका मिळाव्यात, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावावे, आणि तळमजल्यावर व्यायामशाळेइतकीच बसून बोलता येईल अशी सावलीची जागा असावी, या अटींचा विकासकाला पडणारा खर्च फार नाही. त्या मांडल्या जात नाहीत, एवढेच त्या नसण्याचे कारण आहे. महापालिकेने चालता येतील असे पदपथ, बाके आणि स्वच्छ स्वच्छतागृहे दिली, तर दुर्बळ धागे आपोआप टिकतील.

प्रत्येक सहकारी गृहनिर्माण संस्थेला ३० सप्टेंबरपूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते आणि तिच्या विषयपत्रिकेवर हिशेब, दुरुस्ती व पार्किंग हे विषय न चुकता असतात. यंदाच्या सभेत आणखी एक विषय घालावा : संस्थेत एकटे राहणारे ज्येष्ठ किती, त्यांच्या संमतीने त्यांची दुसरी चावी कोणाकडे, औषधांची यादी कोणाला ठाऊक, आणि रोज एकदा त्यांचे दार कोण वाजवणार. या ठरावाला विकासक लागत नाही, शासनाची परवानगी लागत नाही आणि निधीही लागत नाही. सूचक आणि अनुमोदक तेवढे पुढे यायला हवेत.